लांब हातांचे माकूल : समज आणि वस्तुस्थिती

वाशीम जिल्ह्याच्या हद्दीला समुद्र कोठेच लागत नाही. तथापि येथे पडणाऱ्या पावसाचा एक वाटा काटेपूर्णेतून पूर्णा-तापीच्या मार्गाने अरबी समुद्रास आणि दुसरा पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळतो, म्हणून सागरतळाच्या एखाद्या प्राण्याची चौकशी येथे बसून करणे अगदीच अनधिकार ठरू नये. निमित्त आहे एका चित्रफितीचे. मेक्सिकोच्या आखातातील पर्डिडो तेलक्षेत्रात, नोव्हेंबर २००७ मध्ये, २,३८६ मीटर खोलीवर यांत्रिक पाणबुडीने टिपलेली ही फीत अजूनही हातोहात फिरत असते आणि तिच्यातील प्राण्यास कोणी सागरी राक्षस, तर कोणी परग्रहावरचा जीव ठरवून मोकळा होतो.

वस्तुतः तो मॅग्नापिनिडी कुळातील माकूल आहे. बाजारात रोहू-कटला पाहण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांस पाण्यातले जे जे पोहते ते मासाच वाटते. परंतु माकूल हा मासा नव्हे. त्यास पाठीचा कणा नाही. तो मृदुकाय संघातला, म्हणजे गोगलगाय व शिंपला यांचा भाऊबंद. सर्वच माकुलांस तीन हृदये असतात, रक्तात लोहाऐवजी ताम्रयुक्त द्रव्य असल्यामुळे ते निळसर दिसते, आणि अन्ननलिका मेंदूच्या मधोमध जाते. त्यामुळे भक्ष्य चोचीने बारीक तोडूनच गिळावे लागते. मोठ्या घासाने मेंदूस इजा व्हावी, अशी शरीररचना निसर्गाने कोणत्या हिशेबाने मंजूर केली असेल, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा समज आकाराचा. सात-आठ मीटर लांबीचे अंदाज खोटे नाहीत, पण ती लांबी हातांची आहे, धडाची नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट येथे दोन ते तीन हजार मीटर खोलीवर पाच प्राणी दिसले, त्यांचा वृत्तान्त २०२० साली प्रसिद्ध झाला. लेसरच्या जोडकिरणांनी त्यांपैकी एकाचे मोजमाप घेता आले तेव्हा त्याचे धड, ज्यास प्राणिशास्त्रात प्रावार म्हणतात, अवघे १५ सेंटिमीटर भरले, आणि त्यास लोंबणारे तंतू मात्र १.६८ मीटर! म्हणजे राक्षस म्हणून ज्याचा डांगोरा पिटावा, त्याचे मूळ शरीर वीतभरही नाही.

या हातांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण कुळाचे सारे वैशिष्ट्य त्यांत आहे. सामान्य माकुलास आठ बाहू आणि त्यांहून लांब असे दोन संस्पर्शक असतात व दोहोंतील भेद एका दृष्टिक्षेपात कळतो. येथे दहाही अवयव सारख्याच लांबीचे व जाडीचे दिसतात. ते प्रथम धडापासून आडवे बाहेर जातात आणि मग कोपरात वळावे तसे एकाएकी काटकोनात खाली सुटतात, जणू मांडवाच्या आडव्या बांबूंवरून सुतळ्या सोडल्या आहेत. पिल्लांच्या संस्पर्शकांवर अतिसूक्ष्म चूषक दाटीने आढळतात. त्यावरून असा तर्क आहे की प्रौढ प्राणी भक्ष्याचा पाठलाग न करता हे तंतू पसरून राहतो व त्यांस जे चिकटेल त्यावर निर्वाह करतो. तथापि त्यास खाताना कोणीही पाहिलेले नाही, म्हणून हा तर्कच समजावा.

एवढ्या खोलीवर पाण्याच्या भाराने प्राणी चिरडत कसा नाही, हा प्रश्नही नेहमीचा. दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाइतका दाब वाढतो हे खरे. पण दाब चिरडतो तो प्रामुख्याने हवेच्या पोकळीस. माकुलाच्या देहात तशी पोकळी नाही, आतबाहेर पाणीच आहे. भारताच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीत तीन माणसे हवेसह बसावयाची असल्यामुळे तिला मात्र ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल करावा लागतो.

राहिला दुर्मिळतेचा समज. हे कूळ नामशेष होण्याच्या मार्गावर आहे असे मानण्यास आधार नाही. ब्राझीलच्या उत्तरेस १९८८ साली ४,७३५ मीटरवर, घानाजवळ १९९२ साली, मॉरिशसच्या दक्षिणेस आपल्याच हिंदी महासागरात १९९८ साली, आणि फिलिपाइन गर्तेत २०२१ साली तब्बल ६,२१२ मीटरवर त्याच्या दर्शनाचे दाखले आहेत. दुर्मीळ आहे ती तेथवर पोहोचणारी नजर. १९९८ सालीच, म्हणजे १ जुलैस वाशीम अकोल्यातून विभक्त होऊन स्वतंत्र जिल्हा झाला त्या वर्षी, मायकेल व्हेकिऑन व रिचर्ड यंग यांनी हे कूळ मुक्रर केले, तेही पिल्लांच्या नमुन्यांवरून. दप्तरी जन्माच्या हिशेबाने आपला जिल्हा व हे कूळ समवयस्क! प्रौढ प्राणी म्हणून जे काही दाखल आहे ते चित्रफितींतच आहे, आणि नावे दिलेल्या जाती तीनच. त्यांतील पहिली १९०७ साली अझोर्स बेटांजवळच्या एका खराब झालेल्या नमुन्यावरून वर्णिली गेली. पर्डिडोच्या फितीतला प्राणी या तिघांपैकी कोणता, की चौथाच, हे एखादा प्रौढ देह हाती लागेपर्यंत ठरविता येणार नाही.