काथ, काकडं आणि सातबारा

नेरळ स्टेशनच्या जिन्यापाशी, मृगाच्या आधी आठ-दहा दिवस, कातकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी पानावर हिरवी, आवळ्याएवढी फळं मांडलेली असतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुडी घेतली आणि फळं नाकारली. 'काकडं घे, नायतर खाजल,' असं ती म्हातारी म्हणाली. मी शहाणपणाने म्हटलं, घरी चिंच आहे. चिंच आमच्या हातून कमी पडली असणार. रात्री घरातल्या चौघांच्या घशाला अशी खाज सुटली की ती जुडी आजही कोणी विसरलेलं नाही.

शेवळाची खाज काकडाच्या आंबटपणाने मरते. दोन्ही एकाच हंगामात, एकाच रानात येतात. कडूकंद राख घालून उकडायचा, मग वाहत्या पाण्यात ठेवायचा. तेव्हा तो खाण्याजोगा होतो. हे कोणी, किती पिढ्या घसे खाजवून, पोटं बिघडवून शोधलं असेल? आणि हे कुठे लिहिलेलं आहे का? त्या खाजऱ्या रात्रीपासून कातकऱ्यांवर जे जे छापलेलं मिळेल ते वाचायचा नाद लागला.

सगळ्यात जुना ऐवज हाती आला तो १८४३चा. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातला, उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी (म्हणजेच कातकरी) या दोन रानजमातींवरचा लेख. लेखक रेव्हरंड जॉन विल्सन, म्हणजे आपल्या विल्सन कॉलेजचे विल्सन. मिशनरी माणूस, त्यामुळे कातकऱ्यांच्या पोटापेक्षा त्यांच्या आत्म्याची काळजी अधिक. पण हेच विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले! विद्यापीठ निघालं १८५७ साली. म्हणजे विद्यापीठाच्या जन्माआधी चौदा वर्षं कातकरी अभ्यासाचा विषय होऊन बसला होता, आणि त्याच्यावर लिहिणारा गृहस्थ त्या विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोचला. कातकऱ्याला वर्गातल्या बाकापर्यंत पोचायला किती काळ लागला, ते कर्जत-खालापुरातल्या कुठल्याही आश्रमशाळेच्या मास्तरांना विचारावं.

त्यानंतरचा मुक्काम गॅझेटियर. इथे नवशिक्याची फसगत होते, माझीही झाली. कर्जतचे कातकरी कुलाब्याच्या खंडात शोधत बसलो. कर्जत तालुका १८९१पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, खालापूर हा त्याचाच पेटा, म्हणजे पोटविभाग. तेव्हा १८८२चा ठाण्याचा खंड उघडायचा. (कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली, वाडीवर कोणाला त्याचा पत्ता लागला असेल, शंका आहे.) रामाबरोबर लंकेला गेलेल्या वानरांचे आपण वंशज, असं कातकरी सांगतात, हे तिथे नोंदलं आहे. सोन कातकरी, ढोर कातकरी अशा पोटभेदांचीही नोंद आहे. खाणं-पिणं, दारू, लग्न, मर्तिक सगळं आहे. एखाद्या मालाची यादी करावी तसं.

जातीचं नावच धंद्यावरून पडलेलं. खैराचा गाभा तासून त्याच्या ढलप्या उकळायच्या, रस आटवायचा, तो घट्ट झाला की काथ. मुंबईच्या पानवाल्यांचे विडे या लोकांनी रंगवले. मग जंगलखातं आलं, १८७८चा जंगल कायदा आला, खैर सरकारी झाला आणि काथ करणारा आपल्याच रानात चोर ठरला. नाव राहिलं, धंदा गेला. पुढे कोळसाभट्टी, तिच्यानंतर वीटभट्टी. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेऊन अख्खी वाडी भट्टीवर जाते, परत येते ती शेवळं उगवायच्या सुमाराला. आज या महाराष्ट्रात केंद्र सरकारच्या यादीप्रमाणे विशेष असुरक्षित म्हणून तीनच जमाती आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि आपल्या दारातले कातकरी.

विद्यापीठाने त्यांच्याकडे नीट मोर्चा वळवला तो डॉ. गो. स. घुर्ये यांच्या काळात. १९२४पासून मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रं त्यांच्याकडे होती आणि विद्यार्थ्यांना त्यांनी भराभर जातीजमातींवर कामाला लावलं. अ. ना. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९३४चं. ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं १९६०चं, ऑक्सफर्डने काढलेलं. क-ठाकूर आणि म-ठाकूर हा भेद समजून घ्यायचा तर आजही चापेकरांकडेच जावं लागतं. खुद्द घुर्ये महादेव कोळ्यांवर लिहून गेले. म्हणजे कर्जतच्या डोंगराळ पट्ट्यातल्या तिन्ही जमाती विद्यापीठाच्या कपाटात पोचल्या. इंग्रजीत.

या काळातलं खरं नाट्य मात्र घुर्ये आणि व्हेरियर एल्विन यांच्या भांडणात आहे. एल्विन ऑक्सफर्डचे, पाद्री म्हणून आले, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिले, गांधींच्या सहवासात आले आणि शेवटी मंडल्याच्या रानात जाऊन बसले. बैगांवरच्या १९३९च्या पुस्तकात त्यांनी सुचवलं की सावकार, ठेकेदार आणि जंगलखातं यांच्यापासून वाचवायला बैगांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव मुलूख असावा. झालं! आदिवासींना प्राणिसंग्रहालयात ठेवता काय, म्हणून टीकेची झोड उठली. १९४३ साली घुर्यांनी पुस्तकच लिहिलं. 'आदिम' म्हणवले जाणारे आणि त्यांचं भवितव्य, असा काहीसा त्याच्या नावाचा अर्थ, आणि 'म्हणवले जाणारे' हे शब्द घुर्यांनी मुद्दाम अवतरणात टाकले होते. हे लोक वेगळे नाहीत, मागासलेले हिंदू आहेत. वेगळेपणाचं खूळ जनगणना करणाऱ्या इंग्रजांचं, हा त्यांचा सिद्धांत. पुढच्या आवृत्तीत नाव बदललं, मत बदललं नाही. एल्विननी मात्र पुढे ईशान्य सीमेवर सरकारचे सल्लागार झाल्यावर आपला जुना आग्रह पुष्कळ सैल केला.

दोघांनाही वाचताना मी नेरळच्या म्हातारीला मध्ये बसवून पाहतो. कातकरी होळी खेळतो, वाघोबाला मानतो, मराठीला लागून असलेली बोली बोलतो. घुर्यांना आयता पुरावा. त्याच्या खैरावर सरकार बसलंय, त्याला उचलीत अडकवलंय. एल्विनना आयता पुरावा. माझा कौल विचाराल तर रोगाचं निदान एल्विनचं बरोबर होतं आणि औषध दोघांचंही चुकीचं. कारण आपण कोण, हा प्रश्न त्या म्हातारीला कधी पडलाच नव्हता. तिचा प्रश्न वेगळा होता, त्याकडे येतोच.

मध्ये दुर्गाबाई भागवतांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मध्य प्रदेशात आदिवासींवर संशोधन करत असताना त्यांना सुरण बाधला. वर्षानुवर्षं अंथरूण, पीएच.डी. राहून गेली. माझ्या घशावर निभावलं, त्यांच्या जिवावर बेतलं. रानातलं ज्ञान पुस्तकात उतरवायला निघालेल्या माणसाला त्या ज्ञानाची किंमत इतकी रोखठोक मोजावी लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

मराठीत चित्र पालटलं ते डॉ. गोविंद गारे यांच्यामुळे. जुन्नरकडच्या निमगिरीचा हा महादेव कोळी माणूस पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचा संचालक झाला (संस्था १९६२ची) आणि आपल्याच लोकांवर मराठीत, साध्या भाषेत, पुस्तकांमागून पुस्तकं लिहीत गेला. साधारण त्याच सुमाराला, १९६९च्या आसपास, अमेरिकेतल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे मूलनिवासींच्या अभ्यासाचे स्वतंत्र विभाग उघडू लागले होते. १९९९ साली लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषींनी तर संशोधनाची सगळी पद्धतच उलटी तपासली: प्रश्न कोण ठरवतं, उत्तर कोणाच्या घरी जातं?

याला कर्जतने दिलेलं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे आहे. तिथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आधी वनौषधी आणि धान्यकोश यांवर काम केलं. मग राजीव खेडकर आणि कॅनडाचे मानवशास्त्रज्ञ डॅनियल बकल्स यांनी बन्सी घेवडे, ज्ञानेश्वर पाटील यांच्यासह रायगडातल्या कातकरवाड्यांवर काम केलं. २०१३ साली त्याचं इंग्रजी पुस्तक आलं. विषय होता घराखालची जमीन. त्या म्हातारीचा प्रश्न हाच: वाडी माझी, पण जागा कोणाची?

पूर्वी शेतमालकांनी कातकऱ्यांना आपल्या रानात, माळावर वसू दिलं. शेताला हुकमी मजूर हवे होते. कागद कोणी केला नाही. १९४८चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आला, कसणाऱ्याचं नाव लागलं. कातकरी कूळ नव्हता, गडी होता. पिढ्या गेल्या. मग खालापूरच्या अंगणातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गेला, कर्जतला फार्महाउसचं पीक आलं, आणि जमिनीचा भाव पाहून मालकाचा वारस जागा झाला. एका सकाळी वाडीभोवती काटेरी तार. पाणवठा तारेपलीकडे, पायवाट तारेपलीकडे.

या अभ्यासात वाडीवरचीच माणसं जमवून, जमिनीवर आखून, आपल्याला मालकाची भीती किती, कोणाचा आधार किती, एकमेकांत फूट कुठे आहे, याचा हिशेब मांडण्यात आला. त्यातून गावठाण मिळावं म्हणून अर्ज तयार झाले. सातबारा वाचायला शिकणं हाही संशोधनाचाच भाग. विल्सनपासून चापेकरांपर्यंत सगळ्यांनी कातकरी, ठाकर काय खातात, कोणाला भजतात ते लिहून घेतलं. ते राहतात ती जागा कोणाच्या नावावर आहे, हा कागद उलगडण्याचं काम मात्र या कशेळ्याच्या मंडळींच्या वाट्याला आलं. असं करताना विद्वत्ता कमी झाली, असं मला तरी ते पुस्तक वाचून वाटलं नाही.

राहता राहिलं शेवळा-काकडाचं ज्ञान. २००६च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. दळी जमिनींच्या, म्हणजे जंगलात कसायच्या तुकड्यांच्या, दाव्यांविषयी सगळे बोलतात, या कलमाविषयी फारसं कोणी बोलत नाही. कलमाचं सोडा, वाड्यांकडेही कोणाचं लक्ष नसतं: खालापुरातली ठाकरांची इर्शाळवाडी तर उरलेल्या महाराष्ट्राला १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळल्यावरच कळली.

या अंकाचे बरेच वाचक कर्जत-खालापूरकडे जागा पाहत असतील, म्हणून एक विनंती. सातबारा तपासाल तेव्हा शिवारात पायीही फिरा. कडेला वाडी दिसली तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही इथे कधीपासून? आणि जून असेल तर शेवळांबरोबर काकडंही घ्या.