'अँड' लिहिले, पण 'बिकॉज' म्हणायचे होते

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, कोयना धरणातून पाणी सोडले जात होते. ते कऱ्हाडला कृष्णेत मिसळते. ही हकीकत इंग्रजीत लिहायला दिली, तर बहुतेक विद्यार्थी लिहितील : 'द डॅम रिलीज्ड वॉटर अँड द रिव्हर रोझ.'

व्याकरण चोख आहे, दोन्ही क्रियापदे भूतकाळी आहेत. पण 'अँड' दोन घटना नुसत्या शेजारी ठेवते. क्रम आणि कारण वाचणारा पदरचे घालतो. 'आफ्टर'ने क्रम पक्का होतो, इतका की रोजच्या इंग्रजीत 'हॅड' जोडण्याची गरजच उरत नाही. (आपली मुले तो हटकून जोडतात!) 'बिकॉज' मात्र दावा आहे. तो केला की पाऊस किती पडला, धरणाखालच्या ओढ्यानाल्यांनी किती पाणी आणले, हे सांगावे लागते.

घोटाळ्याचे मूळ मराठीत आहे असे आम्हांस वाटते. 'पाऊस पडून पूर आला' यातल्या 'ऊन' प्रत्ययात क्रमही आहे आणि कारणही. भाषांतरात मूल त्याजागी 'अँड' ठेवते आणि कारण गळते.

प्रयोगवहीत 'वी हीटेड द वॉटर अँड द सॉल्ट डिझॉल्व्ड' असे आढळले तर विचारावे : तापवल्यानंतर, की तापवल्यामुळे? मीठ गार पाण्यातही विरघळते. 'बिकॉज' लिहायचे असेल, तर शेजारी गार पाण्याचा दुसरा पेला ठेवून पाहावा लागेल.