जुन्या गाडीतील इंधनकाटा
हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात जुन्या जीप आणि ट्रॅक्टर अजूनही राबत असून, इंधनकाटा निकामी झाला की टाकीत काठी बुडवून डिझेल मोजले जाते. ही पद्धत ओबडधोबड असली, तरी बिघडलेल्या काट्यापेक्षा ती निश्चितच विश्वासार्ह होय.

काट्याला पातळी कळवणारा भाग टाकीत बसवलेला असतो व गॅरेजात तो टँक युनिट म्हणून ओळखला जातो. इंधनावर तरंगणारा फ्लोट वर-खाली होताना त्याचा दांडा रोधाच्या, म्हणजे वीजप्रवाहाला अडथळा करणाऱ्या, तारेवर सरकतो, रोध बदलतो आणि त्यानुसार काटा हलतो. ही तार झिजली, फ्लोटला छिद्र पडून आत इंधन शिरले किंवा नुसते टाकीचे अर्थिंग गंजले, तरी काटा चुकतो. म्हणून नवा भाग विकत घेण्यापूर्वी अर्थिंग घासून पाहावे.

काटा आणि युनिट यांची ओहममधील श्रेणी जुळलीच पाहिजे, कारण भरलेल्या टाकीला काही गाड्यांत रोध कमी, तर काहींत जास्त असतो, आणि अशा विजोड जोडीत काटा उलटा फिरतो. युनिट काढताना पेट्रोलच्या गाडीत आगीचा धोका अधिक, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहते. युनिट काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये.