कोरियन मालिकेतला जामीनदार आणि पाण्याखालचा पत्ता

रामनगर, जोयडा, गणेशगुडी भागातल्या आपल्या बऱ्याच घरांत आता संध्याकाळी कोरियन नाहीतर जपानी मालिका लागलेली असते. मुले, नातवंडे बेळगाव, गोवा, पुण्याहून सुट्टीला येतात, टीव्हीला इंटरनेट जोडून काहीतरी लावून देतात आणि चार दिवसांनी निघून जातात. मालिका मात्र अर्धीच राहिलेली असते. पुढचे भाग आम्ही बघतो. आम्ही म्हणजे साठी ओलांडलेली, पेन्शनवर असलेली आणि देवापुढे दिवा लावल्यापासून जेवणाचे ताट मांडेपर्यंत मोकळी असलेली मंडळी. "तुम्हाला त्यातले काय कळते?" असे मंडळातले तरुण सभासद हसून विचारतात. त्यांच्यासाठी आणि अजून या वाटेला न गेलेल्या आमच्या वयाच्या सभासदांसाठी हा लेख आहे.

भाषेची अडचण आपल्याला इतरांपेक्षा कमीच. घरात कोंकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड आणि रेल्वेत हिंदी असे ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना अर्धे शब्द ऐकून आणि अर्धे चेहऱ्यावरून समजून घेण्याची सवय असते. बऱ्याच मालिका हिंदीत मिळतात. तरीही जमेल तेव्हा मूळ आवाज ठेवून खालची ओळ वाचावी असे आम्ही सांगू. कारण कोरियन माणसे एकमेकांना हाका कशा मारतात, ते ऐकण्यासारखे आहे.

आपल्याकडे थोरल्या भावाला दादा, मग तो मुलाचा असो की मुलीचा. कोरियात मुलगी थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते आणि मुलगा 'ह्याँग' म्हणतो. थोरल्या बहिणीला मुलगी 'ऑन्नी' म्हणते, मुलगा 'नूना'. म्हणजे हाक ऐकली की हाक मारणारा कोण, तेही कळते. हीच नाती शेजाऱ्यांना, दुकानदाराला, ऑफिसातल्या वरिष्ठ मित्राला लावली जातात. नव्या ओळखीत आधी वय विचारतात. आपल्याला ते आगाऊपणाचे वाटेल, पण वय कळल्याशिवाय पुढचे क्रियापदसुद्धा नीट वापरता येत नाही, अशी ती भाषा आहे. आपले 'तू' आणि 'तुम्ही' आहे, त्याच्या कितीतरी जास्त पायऱ्या तिथे आहेत. लग्न झालेल्या बाईला शेजारणी तिच्या नावाने हाक मारत नाहीत, अमक्याची आई म्हणतात. आमच्या आयांची खरी नावे आम्हाला रेशनकार्डावरच दिसली, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. खालच्या इंग्रजी ओळीत मात्र या सगळ्या हाकांच्या जागी नुसते नाव छापलेले असते. निम्मी मालिका तिथेच हरवते.

पुष्कळ कोरियन मालिका सोळा भागांत संपतात. वर्षानुवर्षे एकच सासू एकाच सुनेला छळते आहे, असा प्रकार तिथे सहसा नसतो. मालिका संपते, माणसे निरोप घेतात, आणि आपल्याला दोन दिवस चुकल्यासारखे होते.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत जवळची वाटली ती 'रिप्लाय १९८८'. ही २०१५ च्या शेवटी आणि २०१६ च्या सुरुवातीला कोरियात दाखवली गेली. भाग वीस, प्रत्येक भाग दीड तासाच्या आसपास. सोल शहरातल्या सांगमुन-दोंग नावाच्या वस्तीतली एक गल्ली, तिथली पाच घरे आणि त्यांची साधारण एका वयाची मुले, एवढाच पसारा. वर्ष १९८८, सोल ऑलिंपिकचे. तरुण प्रेक्षक शेवटपर्यंत एकच हिशोब करत बसतात: नायिका दोक-सन कोणाशी लग्न करणार. आमचे लक्ष तिच्या वडिलांकडे होते, कारण ते बँकेत नोकरीला आहेत.

बँकेतल्या माणसाचे घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी असे गल्लीला वाटायला हवे. प्रत्यक्षात हे कुटुंब दुसऱ्याच्या घराखालच्या, अर्ध्या जमिनीत गेलेल्या खोल्यांत भाड्याने राहते. कारण वडील एका मित्राला जामीन राहिले आणि मित्राचे कर्ज बुडाले. पगाराचा मोठा भाग त्यातच जातो. हे बघताना आमच्या घरात कोणी बोलले नाही. ३५ वर्षे बँकेच्या टेबलामागे बसून आम्ही जामीनदार पाहिले आहेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; करारात वेगळे काही लिहिले नसेल तर बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही. हे आम्ही सही घेण्याआधी सांगत असू. समोरचा माणूस ऐकत असे, मान हलवत असे आणि सही करत असे. कारण शेजारी बसलेला कर्जदार त्याचा मेहुणा किंवा शाळेतला सोबती असे, आणि त्याच्या देखत नाही म्हणणे शक्य नसे. वसुलीची नोटीस गेली की रडत येई ती जामीनदाराची बायको. दोक-सनची आई मुलीच्या सहलीच्या पैशासाठी शेजारी हात पसरायला जाते आणि तोंडातून शब्द निघत नाही, त्या बाईला आम्ही ओळखतो. लेखकाने जामीनदाराला मूर्खही ठरवले नाही आणि संतही केले नाही. तो कर्जातच आहे, आणि रस्त्यावरच्या म्हाताऱ्या विक्रेत्याची दया येऊन नको त्या वस्तू विकत घेऊन घरी येतो. बायको चिडते. बरोबरच आहे तिचे.

याच मालिकेत जेवणाआधीचा एक प्रसंग आहे. एक आई शेजारी भाजी पाठवते, शेजारीण त्या भांड्यात दुसरे काही घालून परत पाठवते, आणि पाचही घरची मुले ताटल्या घेऊन गल्लीभर पळत असतात. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम आपल्या आयांनी आपल्याला वेगळा शिकवला नव्हता. तो आपण बघत आलो. दुसऱ्या भागात आजीचे मरण आहे. गावाकडे मुले जमतात, आलेल्यांना जेवण-दारू चालते, हसणेही चालते, आणि नात गोंधळून बघत राहते की बाबांना वाईट वाटत नाही का. मग परदेशातून थोरला काका पोचतो आणि चारही भावंडे एकमेकांना धरून हंबरडा फोडतात. सुतकाच्या घरात पत्ते खेळणारी माणसे पाहून आपल्याकडच्या काही घरांत नाक मुरडले गेले. आम्हाला तसे वाटले नाही. थोरला येईपर्यंत धाकट्यांनी घर सांभाळायचे असते. रडणे मागून येते.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर 'स्क्विड गेम'बद्दल दोन ओळी. २०२१ साली जगभर गाजलेली ही मालिका रक्तपाताची आहे, घरात लहान मुले असताना लावू नये. पण त्यातले ४५६ खेळाडू जमा होतात ते कर्जापायी, आणि त्यांतल्या एका हुशार, पदवीधर मुलाने सट्ट्यात हरून आईचे दुकान आणि घरही तारण ठेवलेले आहे, आईला न सांगता. बक्षीस ४,५६० कोटी वॉन. आम्हाला खेळापेक्षा ते तारणखतच जास्त भीतीदायक वाटले.

आता कोरिया सोडून चीनकडे जायला हवे. आम्ही लिहायला बसलो तो खरे तर ज्या चित्रपटामुळे, तो चीनचा आहे. 'स्टिल लाइफ', दिग्दर्शक ज्या झांगके, वर्ष २००६. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णसिंह, मिळाले.

शान्शी प्रांतातला एक खाणकामगार सोळा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या बायकोला आणि मुलीला शोधत यांगत्से नदीकाठच्या फेंगज्ये गावी येतो. त्याच्याकडे सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर लिहिलेला पत्ता आहे. मोटरसायकलवाला त्याला पत्त्यावर नेतो आणि समोर बोट दाखवतो. समोर पाणी आहे. तिथेच होते ते घर, पाण्याखाली. खाली 'थ्री गॉर्जेस' धरण बांधले गेले, पाणी टप्प्याटप्प्याने चढत होते, आणि त्यासाठी बारा लाखांहून जास्त लोकांना उठावे लागले. चित्रपट तिथे, त्या काळातच घेतलेला आहे. उरलेल्या इमारतींच्या भिंतींवर रंगाने पातळी लिहिली आहे, पाणी कुठपर्यंत येणार ते सांगणारी. मजूर हातोड्याने घरे पाडत आहेत, आणि हाच माणूस त्या टोळीत कामाला लागतो.

जोयड्याच्या माणसाला याचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. गणेशगुडीला काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. तालुक्याचे गाव सुपा पाण्यात गेले. तालुक्याला जोयड्याचे नाव आले, आणि आपल्यातली कित्येक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. आमची नोकरी तेव्हा नवी होती. पत्ता बदलण्याचे अर्ज गठ्ठ्याने येत. अर्जात जुना पत्ता लिहायची एक जागा असते, तिथे लोक काळजीपूर्वक मुक्काम पोस्ट सुपा लिहीत, गल्ली, देवळाची खूण, सगळे लिहीत. नव्या पत्त्याच्या जागी फक्त रामनगर आणि प्लॉटचा नंबर. खातेवहीत जुन्या पत्त्यावर लाल रेघ मारून वर नवा लिहायचा, आणि खाली अधिकाऱ्याची आद्याक्षरे. ते काम अर्ध्या मिनिटाचे होते.

चित्रपटात आणखी एक प्रसंग आहे, जो बँकेतल्या माणसाच्या नजरेतून सुटणार नाही. मजूर दहा युआनची नोट दाखवतात. तिच्या मागच्या बाजूला त्याच नदीवरच्या घळीचे चित्र आहे. नायक ती नोट हातात धरून समोरच्या डोंगराशी ताडून बघतो. सरकारने देखावा नोटेवर छापला आणि देखाव्यातले गाव पाण्याखाली घातले, असे आम्ही म्हणालो. घरातल्यांचे म्हणणे पडले की तो बिचारा फक्त जागा ओळखायचा प्रयत्न करतो आहे. दोन्ही खरे असावे. शेवटी बायको सापडते. ती भावाच्या कर्जापायी एका नावेवाल्याकडे अडकलेली असते, आणि ते फेडायला हा पुन्हा खाणीत जायला निघतो. इथेही जामीनदारच.

चित्रपट संथ आहे, गाणी नाहीत, आणि मधेच एक इमारत अग्निबाणासारखी आकाशात उडून जाते, त्याचा अर्थ नातवंडांनाही सांगता आला नाही. पण फेंगज्येचे उद्ध्वस्त होणे कोणीतरी जागेवर जाऊन टिपून ठेवले. सुप्याचे तसे नाही; निदान आमच्या पाहण्यात तसा चित्रपट नाही. ज्या सभासदांच्या घरी जुन्या सुप्यातल्या लग्नाचे, शाळेचे, बाजाराचे फोटो असतील, त्यांनी फोटोतल्या माणसांच्या मागे काय दिसते ते नीट बघावे. नवरा-नवरीमागची भिंत, दुकानाची पाटी, रस्त्याचे वळण. मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावे. सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

आई-वडिलांच्या विषयावरचे दोन चित्रपट सांगून थांबतो. पहिला कोरियाचा, 'द वे होम', २००२, दिग्दर्शिका ली जंग-ह्यांग. सोलमधला सात वर्षांचा मुलगा काही दिवस डोंगरातल्या आजीकडे ठेवला जातो. आजी मुकी, पाठीतून वाकलेली. नातवाला शहरातले तळलेले चिकन हवे असते. आजी पावसात भिजत कोंबडी घेऊन येते आणि उकडून पुढे ठेवते. पोरगा ताट लोटतो. आपल्या घरी मुडलीची भाजी बघून तोंड वाकडे करणाऱ्या पाहुण्या नातवंडांना हा चित्रपट अवश्य दाखवावा, वर भाष्य करू नये. आजीचे काम केलेल्या बाई नटी नव्हत्या, खेड्यातल्याच होत्या.

दुसरा जपानचा, 'टोकियो स्टोरी', १९५३, दिग्दर्शक यासुजिरो ओझू. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. मुलगा डॉक्टर, मुलीचे केस कापण्याचे दुकान. दोघांनाही वेळ नाही, म्हणून आईवडिलांना अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. जीव लावते ती युद्धात वारलेल्या मुलाची विधवा बायको, नोरिको. मुले वाईट नाहीत, आणि हे ओझूने फार सांभाळून दाखवले आहे. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, त्यामुळे जमिनीवर बसून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते घर लगेच ओळखीचे वाटते. आमच्या घरी चित्रपट संपल्यावर पुण्याचा फोन आला, तेव्हा नेहमीपेक्षा थोडे जास्त वेळ बोलणे झाले.

या मालिकांत दोषही आहेत. गरीब मुलीवर भाळणारा कंपनीचा वारस, ऐनवेळी धडकणारा ट्रक, हरवलेली स्मरणशक्ती हे पुनःपुन्हा येते, आणि दर दुसऱ्या प्रसंगात बाटली उघडली जाते. लहान मुलांसमोर बघणार असाल तर आधी स्वतः एक भाग बघून घ्यावा. रेंज जाणाऱ्या गावांतल्या सभासदांनी रामनगरला किंवा दांडेलीला आल्यावर भाग उतरवून घ्यावेत. खालच्या ओळींची अक्षरे मोठी करता येतात, ती सोय मुलांकडून करून घ्यावी. चष्म्याचा नंबर बदलायची गरज नाही. सुरुवात 'द वे होम'ने करावी, दीड तासाचाच आहे आणि संवाद फार कमी. 'टोकियो स्टोरी' रात्री जेवल्यावर लावू नये, झोप येते. दुपारच्या चहानंतर लावावा.