कढत पाणी, ताजं पीठ

पैनगंगेच्या दक्षिण काठावर, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला आणि जैनथ या मंडलांत मराठी बोलणारी घरं जागोजागी आहेत. सरकारी कागद तेलुगूत, घरातलं बोलणं मराठीत आणि ताटात जवारीची भाकरी. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून नदीपलीकडच्या राज्यात गेले. बेला-जैनथची गावं होती तिथंच राहिली आणि त्यांची भाकरीही राहिली. शेजारच्या तेलुगू घरात तीच भाकरी जोन्न रोट्टे म्हणून थापली जाते.

घरी पाव किंवा ब्रेड करायचा उत्साह हल्ली शहरगावी वाढला आहे, तो चांगलाच आहे. पण यीस्टच्या ब्रेडला वेळ द्यावा लागतो. पीठ मळा, फुगू द्या, आकार द्या, पुन्हा फुगू द्या, मग भाजा. यात दोन-तीन तास सहज जातात. आदिलाबादच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना तेच पीठ बघता बघता फुगून आंबतं, आणि डिसेंबरच्या कडक थंडीत तासन् तास हलत नाही. सकाळी सातला शाळेची बस आणि नऊला कामाची वेळ असलेल्या घरात हा हिशेब रोज बसत नाही. भाकरीला ना फुगवणं, ना भट्टी. उंडा हातात घेतल्यापासून ताटात पडेपर्यंत पाचेक मिनिटं पुरतात. अडचण वेळेची नसून हाताची आहे, आणि ती कशामुळे येते हे समजलं की निम्मी सुटते.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेनची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. गार पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ एकमेकांना धरत नाही, थापताना कडा चिरतात. इथं कामाला येतो स्टार्च. साधारण सत्तर अंशांच्या पुढं गरम पाणी मिळालं की स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि ग्लुटेनचं काम थोडंफार तेच करतात. म्हणून नवशिक्यांनी उकड काढावी. एक वाटी पाण्याला मिठासकट उकळी आणायची, गॅस बंद करायचा, एक वाटी पीठ घालून उलथन्याच्या दांड्यानं हलवायचं आणि दहा मिनिटं झाकण ठेवायचं. मग परातीत घेऊन तळहाताच्या टाचेनं, लागेल तसा पाण्याचा हात लावत, रगडून मळायचं. मळण्यात कसूर केली की भाकरी हमखास चिरते.

पीठही ताजं हवं. ज्वारीच्या दाण्यात अंकुराचा भाग मोठा, त्यात तेल असतं. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाला कडवटपणा येतो आणि त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते. मग कितीही कढत पाणी ओतलं तरी भाकरी साधत नाही. महिन्याचं दळण एकदम आणण्यापेक्षा आठ-दहा दिवसांपुरतं आणावं, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावं. एवढ्या एका सवयीनं फसलेल्या कितीतरी भाकऱ्या वाचतील.

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा, कोरडं पीठ राहिलं तर तिथं तडे जातात. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकायच्या आत उलटायचं. खालची बाजू भाजली की थेट आचेवर धरायची. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वरचा पापुद्रा उचलते.

रोजच्या ताटात भाकरी मागं पडली, ती शेतातल्या आणि रेशनमधल्या बदलांमुळं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मारलवाई गावात राहून इथल्या गोंडांचा अभ्यास केला, तेव्हा ज्वारी हे त्यांचं मुख्य अन्नधान्य होतं. आज त्याच काळ्या जमिनीवर कापूस आहे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, संकरित ज्वारीचा ३,३७१. दुसरीकडं १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं दोन रुपये किलोनं तांदूळ दिला, आणि २०२५ पासून तेलंगणात रेशनवर माणशी सहा किलो बारीक तांदूळ फुकट मिळतो. गरिबाच्या घरी भात पोचला, ही मोठी गोष्ट आहे. पण ज्वारी विकतच आणावी लागते, आणि कुकर लावणं थापण्यापेक्षा सोपं.

धावपळीच्या घरांनी यातूनही वाट काढली आहे. तेलंगणातल्या शहरांत संध्याकाळी रस्त्याकडेला बायका जोन्न रोट्टे थापतात आणि कामावरून परतणारे चार-सहा बांधून नेतात. सोलापूरकडची कडक भाकरी पूर्ण वाळवलेली असल्यानं महिनोन् महिने टिकते, ती पाकिटातून लांबवर जाते. ज्यांना ब्रेडच हवा त्यांनी गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा ज्वारी मिसळावी, ब्रेड थोडा दाट होतो पण फुगतो.

रोजच्या भाकरीसाठी मात्र घरात आणखी एक हात लागतो. सहा माणसांच्या बारा भाकऱ्या एकटीनंच थापायच्या आणि एकटीनंच भाजायच्या, हा खरा जाच आहे. एकानं थापावं, दुसऱ्यानं तव्याजवळ उभं राहून पाणी लावावं, उलटावं, शेकावं. उकड मळणं दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमतं, फक्त ती आधी हाताला सोसेल इतकी निवू द्यावी.