लांकडांतले संत

रत्नागिरीकडील मंडळी मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनास गोमंतकांत जातात, तेव्हां वाट थोडी वांकडी करून जुनें गोवेंहि पाहून येतात. बॉम जीझसच्या मुख्य वेदीपुढें उभें राहिलें म्हणजे सोन्याची भिंतच समोर उभी आहेसें वाटतें. त्या झगमगाटाच्या मुळाशीं आहे तें लांकूड. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत घडविलेल्या संतमूर्तीहि बव्हंशीं लांकडाच्याच. मात्र त्या नुसत्या कोरून होत नसत. सुताराची पटाशी खालीं ठेवली जाई तेव्हां मूर्ति फार तर निम्मी झालेली असे.

गोव्यांत मूर्तीसाठीं पुष्कळदां सागवान घेत. सागाच्या अंगांतच तेल असतें, म्हणून त्यास वाळवी सहसा धरीत नाहीं. पण ओंडका कितीहि चांगला असला तरी वाळतांना तो बाहेरून आधीं आंखडतो आणि गाभा मागाहून. या ओढाताणींत उभी चीर पडते. ती संताच्या कपाळावरून गेली तर सारी मेहनत फुकट! म्हणून मोठ्या मूर्तीचा गाभा पाठीकडून कोरून काढीत. वेदींतील मूर्तीची पाठ भिंतीकडे असल्यामुळें ही पोकळी कोणास दिसत नसे, आणि वजनहि हलकें होई. पसरलेले हात निराळ्या तुकड्यांतून घडवून खुंट्यांनीं व सरसानें जोडीत. नाहीं तर तंतु आडवे येऊन बोटें मोडावयाचीं. कित्येक मूर्तींना चेहरा व हात हस्तिदंताचे बसवीत. मिरवणुकीच्या कांहीं मूर्तींत तर तोंड आणि हात एवढेंच कोरलेलें असे. बाकी अंग म्हणजे साधा सांगाडा व त्यावर खरें वस्त्र. शिमग्यांत पालखींत रूपें लावून देवास वस्त्रें नेसवितात, तें पाहिलेल्या कोंकणी माणसास यांत नवल वाटूं नये.

यापुढें खरी नाजूक कामगिरी सुरू होई. खडूसारख्या पांढऱ्या मातीची वस्त्रगाळ पूड सरसांत कालवून तिचे हात एकावर एक द्यावयाचे, आणि प्रत्येक हात वाळला कीं घासावयाचा. सावंतवाडीस गंजिफांच्या पानांवर चिंचोक्याची खळ व खडू यांचा लेप देऊन तीं घोटतात; तत्त्व तेंच. जेथें सोनें यावयाचें तेथें तांबड्या, मऊ मातीचा पातळ लेप देत. त्यावर वर्ख ठेवून अकीकाच्या दगडानें घोटला म्हणजे मातीची तांबूस ऊब सोन्यांतून डोकावते. मग या सोन्यावरच रंग चढवीत! त्यांत बोथट काडीनें वेलबुट्टी खरवडली कीं खालचें सोनें उघडें पडे आणि लांकडी झग्यास किनखापाचा थाट येई. स्पेनच्या लोकांनीं या कलेस एस्तोफादो असें नांव दिलें. चेहरा व हात मात्र निराळ्या तेलरंगानें रंगवून, घोटून, कातडीसारखे सजीव करीत.

ही रीति स्पॅनिश लोकांनीं मेक्सिकोंतहि नेली. तेथें त्सोंपांत्ले नांवाच्या झाडाचें हलकें लांकूडहि वापरीत. हें झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचें भावंड, आणि सावंतवाडीचीं लांकडी फळें पूर्वीं पांगाऱ्याचींच होत. मिचोआकान प्रांतांतील मूळच्या लोकांनीं तर मक्याच्या धांड्यांतील गराच्या लगद्याच्या मूर्ति केल्या. मोठी मूर्ति, पण खांद्यावरून सहज नेतां येई. मेक्सिको शहरांत कोरणारे व रंगविणारे हे दोन वेगळे धंदे होते. रंगारी व सोनें चढविणारे यांचे नियम १५५७ सालीं ठरले, सुतार व कोरक्यांचे १५६८ सालीं.

गोव्यांत या कामास कोणाचे हात लागले, हा मोठा नाजूक प्रश्न होता. हिंदु चितारी ख्रिस्ताचीं व मेरीचीं चित्रें काढून विकतात हें कानावर गेल्यावरून १५४६ सालीं पोर्तुगालच्या राजानें त्यास मनाई करण्यास लिहिलें; १५६७ सालीं गोव्यांतील धर्मपरिषदेनेंहि असें काम परधर्मीयांस देऊं नये असें ठरविलें. एकच मनाई पुन्हां करावी लागते, याचा अर्थ उघड आहे. देवळें पाडलीं जात असतां देवळें कोरणाऱ्या घराण्यांचें कसब मात्र चर्चला हवेंच होतें. गोव्याच्या कित्येक व्यासपीठांना खालून अर्धे मानव व अर्धे नाग अशा आकृतींनीं तोलून धरलें आहे; त्या लिस्बनहून आलेल्या नव्हेत. कारागिरांचीं नांवें मात्र बहुधा कोठेंच कोरलेलीं नाहींत.

या मूर्तींचा शत्रु केवळ वाळवी व कोंकणचा पाऊस नव्हे. भाविकांचें प्रेमहि आहे. रंग फिका झाला कीं सणापूर्वीं बाजारांतील तेलरंगाचा जाड हात मारावयाचा, अशानें वेलबुट्टी बुजते आणि चेहऱ्यावरचा भावहि जातो. जुन्या गोव्यांत सांता मोनिकाच्या मठांत २००२ पासून असलेल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयांत अशा कलेच्या वस्तु जवळून पाहावयास मिळतात. असा वरचा रंग काढावयाचा तर भिंगाखालीं धारदार पात्यानें कणाकणानें काढावा लागतो. आणि खालचा जुना थर त्याच्याबरोबर सुटूं लागला, कीं हात थांबवावा लागतो.