श्रमाचेही दान असते

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाजवळ पहाटे उभे राहिले की दोन प्रकारच्या सायकली दिसतात. एक सायकल चिकलठाणा एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला निघालेली असते. तिच्या हँडलला जेवणाचा डबा लटकलेला असतो आणि कॅरिअरवर दोरी गुंडाळलेली असते. अशा सायकली आता कमी झाल्या, त्यांची जागा मोटारसायकलींनी घेतली. पण त्या अजून संपलेल्या नाहीत. दुसरी सायकल जाड खाचांच्या टायरची, गियरची, पुढे शॉकअप असलेली. तिच्यावरचा तरुण डोक्याला हेल्मेट घालून सरावाला निघालेला असतो.

पहिली सायकल आपल्या ओळखीची आहे. तिच्या जोरावर आपल्या घरांनी भाकरी कमावली, मुले शाळेत पाठवली, भावाला डबलसीट बसवून कॉलेजला पोचवले. म्हणूनच घरातला मुलगा एके दिवशी सांगतो, "बाबा, आम्ही मित्र मिळून डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरणार आहोत, त्यातून जमणारा पैसा चांगल्या कामाला जाणार आहे," तेव्हा बापाच्या तोंडून सहज निघते, "पोटासाठी आयुष्यभर सायकल मारली, ती काय कमी झाली? आणि दान करायला आपण काय शेठ आहोत?"

वाचकहो, बापाचे हे उत्तर चुकीचे आहे असे एकदम म्हणता येणार नाही. त्यामागे कष्टाचा इतिहास आहे. परंतु दान फक्त शेठांनीच करायचे का, आणि आपण कायम घेणाऱ्यांच्याच रांगेत उभे राहायचे का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही शर्यत असते तरी कशी ते पाहू.

डोंगरवाटेवरील सायकलीला इंग्रजीत माउंटन बाइक म्हणतात. तिच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत वेगापेक्षा दम महत्त्वाचा. काही शर्यतींत ठरावीक अंतर असते, तर काहींत ठरावीक वेळ असतो. सहा, बारा किंवा चोवीस तासांत त्याच वाटेच्या किती फेऱ्या पूर्ण झाल्या ते मोजतात. 1992 साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कॅनन येथे चोवीस तासांची अशी सांघिक शर्यत झाली आणि पुढे हा प्रकार अनेक देशांत पसरला. चार मित्रांचा संघ असेल तर एक जण फेरी मारून येतो, मग दुसरा निघतो. बाकीचे तोवर खातात, झोपतात, चेन साफ करतात, पंक्चर काढतात. रात्री दिवा लावून रानातून जावे लागते. एकट्याने चोवीस तास काढणे महाकठीण. चौघांत तेच काम वाटले जाते.

आपल्या शेजारच्या भूतानमध्ये, जेथे बुद्धाचा धम्म लोकजीवनात रुजलेला आहे, 2010 पासून 'टूर ऑफ द ड्रॅगन' नावाची माउंटन बाइक शर्यत होऊ लागली. बुमथांग ते थिंफू हे 268 किलोमीटरचे अंतर एका दिवसात कापायचे आणि वाटेत चार उंच खिंडी ओलांडायच्या. सुरुवात मध्यरात्रीनंतर अंधारातच होते.

आता यात दान कोठून आले? पद्धत साधी आहे. शर्यतीत उतरणारा नातेवाईक, शेजारी आणि सहकाऱ्यांकडे जातो आणि म्हणतो, "मी इतके किलोमीटर पूर्ण केले तर तुम्ही अमुक कामासाठी इतके पैसे द्या." लोक कागदावर नाव आणि आकडा लिहितात. घाम एकाचा, पैसा अनेकांचा आणि उपयोग तिसऱ्याला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 साली अवघे 36 जण अशा रीतीने कर्करोगाच्या संशोधनासाठी सायकलवर निघाले. त्यांनी सुमारे दहा हजार डॉलर जमवले. 'पॅन-मास चॅलेंज' या नावाने तो उपक्रम चालू राहिला आणि त्याची एकूण रक्कम आता शंभर कोटी डॉलरच्या वर गेली आहे. सुरुवात मात्र छत्तीस जणांचीच होती.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण नाशिकचे आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे सख्खे भाऊ 2015 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' या शर्यतीत उतरले. ही डोंगरवाटेची नव्हे, डांबरी रस्त्याची शर्यत. पण दमाची परीक्षा तीच. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत आणि बारा राज्ये. दोघांच्या संघाला नऊ दिवसांची मुदत असते. एक भाऊ सायकलवर, दुसरा गाडीत विश्रांती घेतोय, असे आळीपाळीने रात्रंदिवस चालवत त्यांनी मुदतीच्या आत शर्यत पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांनी या धडपडीला हेतू जोडला होता आदिवासी बांधवांच्या डोळ्यांच्या उपचारांचा. सोबतच्या गाडीत बसून वाट दाखवणारे, खाऊ घालणारे, झोपेतून उठवणारे मित्र नसते तर हे घडले नसते. छायाचित्रात दोघे दिसतात; शर्यत साऱ्या चमूने पार केलेली असते.

कोणी म्हणेल, ते डॉक्टर आहेत, त्यांना परवडते. खरे आहे. अमेरिकेला जाणे आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारे नाही. पण दानाची सुरुवात पैशापासूनच होते असे तथागतांनी कोठे सांगितले? दहा पारमितांत दान आहे, तसेच वीर्य आहे आणि क्षांतीही आहे. वीर्य म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, क्षांती म्हणजे सोसण्याची ताकद. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक व्यायामाचा अर्थही योग्य दिशेने केलेली खटपट असाच आहे. चढावर पाय गळाले असताना, "हे मी कोणासाठी करतो आहे?" याचे उत्तर ज्याच्याजवळ असते, तो पुढचे पेडल मारतो.

बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी आपल्या लोकांना मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्यास सांगितले. समोर बसलेली माणसे श्रीमंत नव्हती. मजूर, गिरणी कामगार, भूमिहीन अशांनाच त्यांनी दाते मानले. हा मान आपण विसरता कामा नये.

दुसरीही बाजू पाहा. ब्रिटनमधील बौद्ध 1980 पासून अनोळखी घरांची दारे ठोठावून भारतातल्या कामासाठी मदत मागत आले. आज करुणा ट्रस्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेच्या मदतीवर महाराष्ट्रात आपल्या मुलामुलींची वसतिगृहे चालली. तेथे दार उघडणाऱ्याला आपले गावही ठाऊक नव्हते. त्याने दिले, आपण घेतले, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या वसतिगृहात शिकलेली पिढी आज कमावती आहे. आता दार ठोठावण्याची पाळी आपली.

आणि दम? तो तर आपल्या रक्तात आहे. 1979 साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तेव्हा माणसे पायांत चपला असो वा नसो, चालत होती. 1994 साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. लांब पल्ल्याची वाट सोबतीनेच सरते, हे आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको.

तरी काही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहून घ्याव्यात. शर्यतीसाठी कर्ज काढून महाग सायकल घेऊ नये; उसनी किंवा भाड्याची मिळते का ते आधी पाहावे. हेल्मेटशिवाय सोडू नये. उतारावर एकदम पुढचा ब्रेक दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू लावण्याची सवय करावी. आपल्याकडे बाभळीचा काटा ठरलेलाच, तेव्हा जादा ट्यूब, पंप आणि पाने जवळ हवेत. सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी तासन्‌तास सायकल मारणे जिवावर बेतू शकते. दर अर्ध्या-पाऊण तासाला केळे, गूळ-शेंगदाणे, चिक्की असे थोडे पोटात जावे, नाहीतर अंगातली साखर संपून पाय एकाएकी चालेनासे होतात. नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी घोटघोट घ्यावे. येथे चमचा चहाचा. छातीत दुखले, चक्कर आली, तर तेथेच थांबावे. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

तितकेच सावध पैशाबाबतही असावे. पैसा कोणत्या कामाला जाणार, संस्था नोंदणीकृत आहे का, पावती मिळते का, टी-शर्ट, मांडव आणि लाउडस्पीकरवर किती खर्च झाला, हे मुलांनी विचारलेच पाहिजे. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शिष्यवृत्ती, शाळा, दवाखाना हा आपला हक्क आहे. तो सरकारकडून घ्यायचाच. दानाचा पैसा त्या हक्काच्या बदल्यात नाही.

मोठ्या शर्यतीची वाट पाहण्याचेही कारण नाही. गारखेड्याहून विद्यापीठाच्या मागची बुद्धलेणी दहाएक किलोमीटरवर आहेत. चार मित्र किंवा चार मैत्रिणी जाऊन-येऊन वीस किलोमीटर चालवतील, तर चौघांचे मिळून ऐंशी किलोमीटर झाले. वस्तीतल्या चाळीस घरांनी किलोमीटरमागे एक रुपया दिला तर 3,200 रुपये होतात. विहारातल्या अभ्यासिकेला तेवढ्यात स्पर्धा परीक्षेची काही पुस्तके येतील. हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहून टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षी चाळीसाची साठ घरे होतील. मुलींना यात मागे ठेवू नये. घरातल्या कामाची वाटणी करून त्यांना सरावाला वेळ द्यावा.

एक नियम मात्र चौघांनी निघण्यापूर्वीच करावा. गट सर्वांत मागच्याच्या चालीने चालेल. वाटेत एकाची चेन तुटली तर चौघे थांबतील. बक्षिसाच्या शर्यतीत हा नियम चालत नसेल, पण दानाच्या वाटेवर तोच शोभतो.

लेण्यांच्या पायऱ्यांशी सायकली लावून सातव्या लेण्यापर्यंत चढून जावे. तेथे अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. आग, तलवार, जहाजफुटी, साप, हत्ती अशा आठ भयांत सापडलेली माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना कोरलेली आहेत, आणि तो त्यांच्या हाकेला धावतो आहे. दम लागलेल्या मुलांनी ते शिल्प नीट पाहावे, पाणी प्यावे आणि मागे राहिलेला मित्र वर पोचेपर्यंत थांबावे. त्रिशरण-पंचशील चौघांनी मिळूनच घ्यावे.

जयभीम!